केमोनंतरचे दहा दिवस : प्रस्तावना

गाठीचा रिपोर्ट हातात पडला की घरची माणसं पहिला प्रश्न विचारतात तो केसांचा. "डॉक्टर, याचे सगळे केस जातील का हो?" दुसरा प्रश्न बहुधा कुणी बोलून दाखवत नाही, तो चेहऱ्यावरच दिसतो. या मुक्या जिवाला आपण छळणार तर नाही ना? छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न पडणं साहजिक आहे. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भाच्या सीमेवरच्या गावांतून रुग्ण येतात. कुणाची मावशी तिथे होती, कुणाचे काका. त्या दिवसांत त्यांचं अन्न कसं तुटलं, तोंड कसं आलं, उशीवर केसांचे पुंजके कसे दिसायचे, हे आपण जवळून पाहिलं आहे. केमो म्हटलं की तेच आठवतं आणि अनेक घरं तिथल्या तिथे ठरवून टाकतात की नको, राहील तितके दिवस सुखानं राहू दे.

या निर्णयाला मी नावं ठेवत नाही. कधी कधी तोच योग्य असतो. पण तो आपल्या कुत्र्याकडे, आपल्या मांजराकडे बघून घ्यायला हवा, मावशीच्या आठवणीवरून नाही. माणसाला केमो देताना बहुधा रोग मुळापासून उपटायचा हेतू असतो, आणि त्यासाठी काही महिने हाल सोसायची तयारी रुग्ण स्वतः दाखवतो. कुत्र्याला उद्याचं आमिष दाखवून आजचे हाल सोसायला लावता येत नाहीत. म्हणून पशुवैद्यकात औषधाची मात्रा मुळातच बेतानं धरतात. त्याचे उरलेले दिवस चांगले जावेत, हा पहिला हेतू. रोग किती काळ मागे हटतो, हा त्यानंतरचा. याचा परिणाम असा की बहुतेक कुत्र्या-मांजरांना केमोनंतर काहीच होत नाही किंवा दोन-तीन दिवस मलूलपणा, थोडी मळमळ, एखाद-दुसरी उलटी एवढ्यावर भागतं. दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल असा त्रास ढोबळमानानं शंभरात पाचांना किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. लिम्फोमा झालेलं कुत्रं उपचाराविना बहुधा महिना-दीड महिना काढतं. तेच कुत्रं चार औषधांची केमो घेऊन साधारण वर्षभर जगतं, आणि त्या वर्षातले बहुतेक दिवस ते दारात शेपटी हलवत उभं असतं.

आणि केस? लॅब्रडॉर, जर्मन शेफर्ड, आपली गावठी कुत्री यांचे केस जात नाहीत. फार तर थोडे विरळ होतात. ज्यांचे केस माणसासारखे सतत वाढत राहतात, म्हणजे पूडल, शिट्झू, ल्हासा वगैरे, त्यांचे मात्र जातात आणि उपचार संपल्यावर परत येतात. मांजरांच्या मिशा गळतात. केसांची चिंता इथेच संपवून पुढे जाऊ या, कारण खरा धोका दुसरीकडे आहे आणि तिकडे आपलं लक्ष नसतं. भीती चुकीच्या जागी फार मोठी आणि दक्षता योग्य जागी फार थोडी, असं चित्र मी या शहरात वारंवार पाहतो. हे पुस्तक त्यासाठीच लिहिलं आहे.

केमो ही बंगल्यातल्या परदेशी जातीच्या कुत्र्यांचीच गोष्ट आहे असाही समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. आपल्याकडच्या पशुवैद्याच्या हातून केमोचं इंजेक्शन सर्वांत जास्त वेळा जातं ते रस्त्यावरच्या कुत्र्यांना. "कुत्रीला खालून रक्त येतंय, माजावर तर नाही," असं सांगत कुणी तरी खाऊ घालणाऱ्या ताई तिला रिक्षातून घेऊन येतात, आणि तपासल्यावर जननेंद्रियावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लालसर, चटकन रक्ताळणारी गाठ दिसते. आम्ही तिला टीव्हीटी म्हणतो. समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून ती एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते, म्हणून नाकावर आणि तोंडातही सापडते. यात विषाणू वगैरे काही नसतो, कर्करोगाची पेशीच या अंगावरून त्या अंगावर रुजते. जगभरातल्या या सगळ्या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींच्या वंशज आहेत, हे जनुकांच्या अभ्यासातून सिद्ध झालं आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं तो काळ चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा आणि जागा आशियातली मानली आहे. एवढा जुना रोग, आणि तरी आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टीनची चार ते सहा इंजेक्शनं दिली की दहातली नऊ कुत्री पूर्ण बरी होतात. दोन इंजेक्शनांत रक्त थांबतं आणि तिथेच उपचार सुटतो, ही मात्र आपल्याकडची नेहमीची चूक. उरलेली गाठ पुन्हा वाढते आणि तेव्हा ती औषधाला दाद देईलच असं नाही.

हे व्हिन्क्रिस्टीन येतं कुठून, तर सदाफुलीतून. तीच सदाफुली, जी आपल्याकडे तुळशीवृंदावनाच्या कडेला आणि सिडकोच्या रो-हाउसच्या दारातल्या कुंड्यांत बारा महिने फुललेली असते. झाड मूळचं मादागास्करचं. जमैकात त्याच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत, म्हणून कॅनडातले डॉ. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी त्या पानांचा अर्क उंदरांवर तपासायला घेतला. साखर काही उतरली नाही. पण अर्क टोचलेले उंदीर संसर्गानं मरू लागले. कारण शोधलं तेव्हा कळलं की त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. पांढऱ्या पेशी कमी करणारं द्रव्य रक्ताच्या कर्करोगावर चालेल, हा विचार तिथून आला. १९५८ साली या झाडातून व्हिन्ब्लास्टीन मिळालं, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टीन, आणि १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आज ज्याला आपण दुष्परिणाम म्हणतो तो आधी दिसला, औषध त्यातून सापडलं. आपल्याकडे मधुमेहासाठी सदाफुलीची पानं चावणारी माणसं अजून आहेत, आणि "मग पानांचाच रस पाजला तर?" असंही मला विचारलं जातं. अजिबात पाजू नये. पानात किती द्रव्य उतरलं आहे हे कुणालाच सांगता येत नाही, आणि उंदरांचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

कर्करोगाची पेशी ओळखून तेवढीच मारणं या जुन्या औषधांना जमत नाही. भराभर विभागणारी पेशी दिसली की ती तिला पकडतात. शरीरात अशा निरोगी पेशी मुख्यतः दोन ठिकाणी असतात, आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होत असतं. ते नवं होणं थांबलं की दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उलट्या, जुलाब, अन्नावरची वासना जाणं सुरू होतं. मगजातून रोज नव्या पांढऱ्या पेशी रक्तात येत असतात. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंशी पहिली लढाई करतात, पण त्यांचं आयुष्य तासांत मोजावं इतकं थोडं असतं. शिलकीतल्या पेशी पाच-सहा दिवस पुरतात, मग आकडा घसरतो. सातव्या दिवसाच्या आसपास तो तळाला जातो आणि दहाव्यापर्यंत सावरू लागतो. कार्बोप्लॅटिनसारख्या औषधात हा तळ कुत्र्यात दहा ते चौदा दिवसांनी येतो, मांजरात त्याहूनही उशिरा. म्हणून केमोच्या प्रत्येक औषधाबरोबर त्याचा तळाचा दिवस विचारून घ्यावा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेननं खूण करावी.

या शहराची खरी अडचण इथे सुरू होते. टीव्हीटीचे डोस इथेच होतात. पण लिम्फोमा, स्तनाची गाठ काढल्यानंतरची केमो, हाडाचा कर्करोग, असल्या आजारांसाठी अनेक जण पुण्याला किंवा मुंबईला जातात. मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यक महाविद्यालय आणि शेजारचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये उघडलं. मराठवाड्यात परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ पासून आहे, तेही आपल्यापासून सुमारे दोनशे किलोमीटर. पहाटे गाडी काढायची, डोस घ्यायचा, रात्री परत यायचं. कुत्रं वाटेत झोपून येतं, दुसऱ्या दिवशी छान जेवतं, सगळे निश्वास सोडतात. डोस पुण्यात झालेला असतो, सातवा दिवस मात्र गारखेड्यात उजाडतो. त्या दिवशी रात्री अकरा वाजता ज्या डॉक्टरांच्या दारात तुम्ही उभे राहाल, त्यांनी हा रुग्ण आधी पाहिलेला नसतो. औषधाचं नाव विचारलं तर "ते लाल रंगाचं होतं" एवढंच घरच्यांना आठवतं. डॉक्सोरुबिसिन लाल असतं हे खरं, पण तेवढ्यावर उपचार करता येत नाहीत. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम दिलं, तारीख, त्या दिवशीचं वजन, कोणत्या पायाच्या शिरेत दिलं, आधीच्या रक्ततपासणीचे आकडे, हे सगळं एका कागदावर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका. आणि इथल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना डोस घेण्याआधी सांगून ठेवा. खडकेश्वरच्या सरकारी दवाखान्यात जाणार असाल तरी हाच कागद बरोबर न्या.

सातव्या दिवसाचं संकट फसवं असतं. पांढऱ्या पेशीच नसल्या की पू होत नाही, सूज चढत नाही, लाली दिसत नाही. ज्या खुणांवरून आपण संसर्ग ओळखतो त्या खुणा तयार करणाऱ्या पेशीच संपलेल्या असतात. जंतू बाहेरून आलेले असावे लागतात असंही नाही. बहुधा स्वतःच्या आतड्यातलेच जंतू दुखावलेलं अस्तर ओलांडून रक्तात शिरतात. दिसतं काय? कुत्रं अन्नाला तोंड लावत नाही, हाक मारली तर डोळे फिरवतं पण उठत नाही, मोरीच्या ओल्या फरशीवर जाऊन पसरतं. आता आपल्याकडे पारा बेचाळीसवर गेला की धडधाकट कुत्रंही मोरीतच पसरतं. म्हणून अंदाजावर जाऊ नका, ताप मोजा. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला व्हॅसलीन लावा, एकानं मान आणि छाती जवळ धरावी, दुसऱ्यानं शेपटी उचलून टोक हळूच गुदद्वारात इंचभर सरकवावं आणि आवाज येईपर्यंत धरून ठेवावं. कान गरम लागला, नाक कोरडं दिसलं, याला काही अर्थ नाही. कुत्र्या-मांजराचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. उन्हातून किंवा गच्चीवरून आलं असेल तर सावलीत अर्धा तास बसू द्या, मग मोजा. तरीही १०३ च्या वर आकडा आला, तर सकाळची वाट पाहायची नाही. आकडा ९९ च्या खाली गेला असेल तर तेही तितकंच गंभीर. वेळेवर सलाईन आणि शिरेतून प्रतिजैविक सुरू झालं तर बहुतेक प्राणी दोन-तीन दिवसांत उठून बसतात. बारा-पंधरा तास गेले तर तीच गोष्ट हाताबाहेर जाते.

ताप दिसला म्हणून घरातली गोळी मात्र देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करतात, आणि केमोच्या दिवसांत तर ही दोन्ही आधीच नाजूक झालेली असतात.

पोटाचा त्रास त्यामानानं सोपा, पण तो ओळखायला शिकावं लागतं. मळमळणारं कुत्रं उलटी करेलच असं नाही. ते ओठ चाटत राहतं, लाळ गाळतं, गिळल्यासारखं करतं, ताटलीपर्यंत येतं, हुंगतं आणि तोंड फिरवतं. अशा वेळी आई-आजीच्या मायेनं घास तोंडात कोंबू नये. मळमळ असताना जबरदस्तीनं भरवलेल्या पदार्थाचा त्याला कायमचा तिटकारा बसतो, मांजराला तर फारच. डॉक्टरांनी दिलेली मॅरोपिटंटची किंवा ऑन्डॅनसेट्रॉनची गोळी आधी, अन्न नंतर. मऊ भात आणि उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे, थोडं थोडं करून. कांदा-लसूण अजिबात नको, त्यानं तांबड्या पेशी फुटतात. कच्चं मांस, कच्ची अंडी या काळात बंद. एखाद-दुसरी उलटी झाली आणि प्राणी हुशारीत असेल तर घरी सांभाळता येतं. दिवसात तीनपेक्षा जास्त उलट्या, पाणीही पोटात न टिकणं, जुलाबात रक्त, किंवा शी डांबरासारखी काळी होणं, यातलं काही दिसलं तर दवाखाना गाठा.

परदेशी पुस्तकांत ज्याकडे फारसं लक्ष दिलेलं नसतं ती एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे, ती म्हणजे गोचीड. गोचीड-तापानं प्लेटलेट घसरतात, ताप येतो, लिम्फच्या गाठी सुजतात. म्हणजे जो आकडा पाहून केमोला दोष दिला जाईल, तो गोचिडीचाही असू शकतो, आणि जी गाठ लिम्फोमा वाटेल ती गोचीड-तापाचीही असू शकते. म्हणून सुईनं गाठ तपासल्याशिवाय केमो सुरू होऊ नये, आणि केमोच्या आधी गोचीड-तापाची तपासणी करून घ्यावी. लिम्फोमाची शंका असताना सुईतपासणीआधीच प्रेडनिसोलोन सुरू करणंही टाळा. गाठी तात्पुरत्या बसतात, निदान अवघड होतं आणि पुढची केमो कमी लागू पडते.

औषधागणिक लक्ष ठेवायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्या आतल्या प्रकरणांत सविस्तर येतील. इथे थोड्याच सांगतो. व्हिन्क्रिस्टीन आणि डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर सांडलं तर कातडी आणि मांस सडतं, म्हणून इंजेक्शन देताना कुत्रं शांत धरणं हे घरच्यांचंही काम आहे, आणि नंतर तो पाय सुजला, लाल झाला किंवा कुत्रं तीच जागा सारखी चाटू लागलं तर लगेच कळवावं. व्हिन्क्रिस्टीनची बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते. मेडिकलमधून तुम्हीच आणून देणार असाल तर मे महिन्यात बर्फाच्या डब्यातून आणा. डॉक्सोरुबिसिनचा कुत्र्याच्या हृदयावर साठत जाणारा परिणाम होतो, त्यामुळे आयुष्यभरात किती द्यायचं याला मर्यादा आहे. सायक्लोफॉस्फमाइडनं मूत्राशयाला इजा होऊन लघवीत रक्त येऊ शकतं. ते सकाळी द्यावं, दिवसभर भरपूर पाणी पाजावं, लघवीला पुन्हा पुन्हा बाहेर न्यावं. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या या शहरात सांगतो आहे, पण त्या दिवसांत कुत्र्याच्या भांड्यातल्या पाण्यात काटकसर करू नका. कोली जातीच्या आणि तिच्या संकरातल्या काही कुत्र्यांत जनुकातला दोष असतो. त्यांना आयव्हरमेक्टिन जसं बाधतं तशी व्हिन्क्रिस्टीन आणि डॉक्सोरुबिसिन ही औषधंही नेहमीच्या मात्रेत बाधतात. जात डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

मांजर म्हणजे छोटं कुत्रं नव्हे. कुत्र्यांना दिलं जाणारं सिस्प्लॅटिन मांजराच्या फुप्फुसांत पाणी भरून त्याला मारतं; फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल त्याच्या मेंदूला मारक आहे. घरात कुणी माणूस त्याच औषधाचं मलम त्वचेवर लावत असेल तर मांजर आणि कुत्रं दोघांनाही ते चाटू देऊ नका. व्हिन्क्रिस्टीननं मांजराची आतडी मंदावतात, शी अडते. आणि मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून ते लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साठून नवाच आजार उभा राहतो. त्यामुळे मांजरानं चोवीस तास काही खाल्लं नाही तर फोन करायचाच. रक्ततपासणी माणसांच्या लॅबमधून करत असाल तर मांजराच्या प्लेटलेट मशीन हमखास कमी मोजतं हेही लक्षात ठेवा. त्या काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला सांगा.

घरातल्या माणसांचीही काळजी आहे. डोस दिल्यावर दोन-तीन दिवस लघवी, शी आणि उलटीतून औषध बाहेर पडत असतं. हातमोजे घालून साफ करा, फरशी साबणाच्या पाण्यानं पुसून घ्या, कापड टाकून द्या. गोळ्या कुटू नका, तोडू नका. बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक, अंगावर पाजणारी सून, रांगणारं मूल यांनी त्या दिवसांत साफसफाईच्या जवळ फिरकू नये. एरवी कुत्र्याला जवळ घ्यायला, कुरवाळायला काही हरकत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याला डोस देऊन त्याच संध्याकाळी सोडून दिलं तर सातव्या दिवशी त्याला कोण पाहणार, हा प्रश्न खाऊ घालणाऱ्यांनी आधी सोडवावा. गल्लीतलं एखादं बंद आवार, एखादी रिकामी पार्किंगची जागा दहा दिवस मिळाली तरी पुष्कळ होतं.

त्रास झाला म्हणजे केमो संपली असं नसतं. पुढचा डोस आठवडाभर लांबवता येतो, वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी करता येतो, औषध बदलता येतं. आणि हे सगळं करूनही कुत्रं रोज उदास दिसत असेल, आवडीच्या माणसाच्या पावलांना कान टवकारत नसेल, तर थांबणं हाही उपचारातलाच निर्णय आहे. तो कधी घ्यायचा यावर शेवटचं प्रकरण आहे.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी रिकामी जागा सोडली आहे. औषधाचं नाव, मात्रा, तारीख, तळाचा दिवस आणि रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, त्याचा फोन नंबर. ती जागा डोसच्या आदल्या दिवशी भरा, आणि थर्मामीटर आजच आणून ठेवा.